प्रशिक्षण संपलं, क्लिअरन्स येईना: होल्डओव्हरमध्ये अडकलेल्या मुलीच्या वडिलांना उत्तर

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी २० वर्षांची. पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली, बाराव्या वर्षी वडील नागरिक झाले तेव्हा तीही झाली. हायस्कूलनंतर लष्करात भरती झाली आणि अ‍ॅरिझोनातल्या फोर्ट वाचूकाला इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्टचा, म्हणजे ३५एफचा कोर्स अंतरिम मंजुरीवर पूर्ण केला. बरोबरीची मुलं पहिल्या पोस्टिंगवर निघून गेली. हिचा टॉप सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे अतिगोपनीय माहिती हाताळायची परवानगी, आलेला नाही, म्हणून पाच महिने ती तिथंच होल्डओव्हर आहे, म्हणजे कोर्स संपूनही थांबवलेली: झाडलोट, बराकीतल्या रात्रपाळीची सीक्यू ड्युटी, कोठारातलं सामान मोजणं. वडील विचारतात, आजी भारतात आहे, गावाकडं जमीन आहे, हे आमच्यामुळं तर अडलं नाही ना? सिनेटरना पत्र लिहू का? की दुसरा ट्रेड, म्हणजे लष्करातलं दुसरं काम, घे म्हणून सांगू?

आधी तुमच्या मनाला लागलेली टोचणी. आईवडिलांचा जन्म भारतातला, आजी अजून तिकडं, थोडी शेती, एवढ्यावरून क्लिअरन्स नाकारत नाहीत. मी लष्करात आधी गणवेशात आणि पुढं मुलकी कर्मचारी म्हणून युनिटचा सिक्युरिटी मॅनेजर होतो. परदेशात जन्मलेल्या पालकांची मुलं माझ्याकडं सतत यायची आणि मंजूर होऊन कामाला लागायची. जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीड ४’ या निर्देशात निर्णयाचे १३ निकष आहेत. त्यातला एक परकीय प्रभावाचा. त्या नात्यांचा वापर करून कुणी तिच्यावर दबाव आणू शकेल का आणि तसं झालं तर ती कुणाच्या बाजूनं उभी राहील, हे त्यात बघतात. नातं असणं हा दोष धरत नाहीत. मात्र नातं आहे म्हटल्यावर ते तपासावं लागतं, आणि तपासायला वेळ लागतो. तुमच्या घराचा उशिराशी संबंध असलाच तर तो एवढाच.

आता फाइल फिरते कशी ते सांगतो, कारण हे कळलं की निम्मी घालमेल कमी होते.

भरतीच्या वेळी मुलीनं एसएफ ८६ हा लांबलचक फॉर्म भरला, बोटांचे ठसे दिले. तिथून फाइल डीसीएसएकडं गेली. ही संरक्षण खात्याची काउंटरइंटेलिजन्स आणि सुरक्षा संस्था, मुख्यालय व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला. त्याखालच्या सिक्रेट पातळीसाठी होणाऱ्या तपासाला टियर ३ म्हणतात, टॉप सिक्रेटसाठीच्या तपासाला टियर ५. एफबीआयच्या नोंदी, क्रेडिट रिपोर्ट, पोलिसांकडच्या नोंदी, शाळा, नोकरी हे दोन्हीकडं पाहतात. टियर ५ मध्ये त्याच्या जोडीला तपासनीस उमेदवाराची समोरासमोर मुलाखत घेतो, शेजारी, मैत्रिणी, जुने मालक यांना भेटतो. हे सगळं जमलं की फाइल अ‍ॅडज्युडिकेटरकडं जाते आणि निर्णय तिथं होतो. तपास करणारा निर्णय घेत नाही, आणि निर्णय घेणारा स्वतः बाहेर पडून तपास करत नाही. म्हणून निर्णयाच्या टेबलावर एखादा दुवा अपुरा वाटला की फाइल मागं पाठवतात, आणि ती पुन्हा रांगेत लागते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र महिनोन्‌महिने एकच शब्द दिसतो, ‘प्रलंबित’.

शिवाय रांग सगळ्यांची एकच असते. २००४ च्या गुप्तचर सुधारणा कायद्यानं उद्दिष्ट घालून दिलं होतं की ९० टक्के प्रकरणं सरासरी ६० दिवसांत निकालात निघावीत, ४० दिवस तपासाला आणि २० निर्णयाला. उमेदवाराला त्यातून कुठलाही हक्क मिळत नाही, त्यामुळं ते आकडे दाखवून तक्रार करता येत नाही. तुंबत गेलेली प्रकरणं २०१८ मध्ये ७ लाख २५ हजारांवर पोचली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे काम डीसीएसएकडं आलं आणि २०२० च्या सुरुवातीला आकडा साधारण दोन लाखांवर उतरला. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की अगदी स्वच्छ फाइलही काहीच कारण नसताना पडून राहते. पाच महिने हा काळ आईवडिलांना फार वाटतो, पण सुरक्षा विभागात बसलेल्या माणसाच्या भुवया त्यानं उंचावत नाहीत.

फाइल खरोखर जिथं अडते त्या जागा फार किरकोळ दिसतात, आणि आपल्या मराठी घरांत त्या जरा जास्तच सापडतात.

पहिली जागा नावांची. फॉर्ममध्ये आईचं माहेरचं नाव आणि तिनं वापरलेली इतर नावं विचारतात. आपल्याकडं लग्नात कित्येक बायकांचं आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मुलीच्या जन्मदाखल्यावर दुसरं, अमेरिकी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. तुम्हाला त्यात वावगं काही वाटणार नाही. तपासनीसाच्या समोर मात्र तीन बायका उभ्या राहतात आणि त्या एकच आहेत हे त्याला कागदावर सिद्ध करावं लागतं.

दुसरी जागा जन्मतारखांची. आपल्या आधीच्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे बघा. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख, खरा जन्म कुठल्यातरी श्रावणातला. आजीची एक तारीख मुलीनं फॉर्ममध्ये लिहिली, मुलाखतीत दुसरी सांगितली, तर ती खोटं बोलली असं कुणी लगेच म्हणणार नाही, पण टिपण तयार होतं. फॉर्ममध्ये तारीख अंदाजे असल्याची खूण करायची सोय आहे. ती वापरायची आणि ‘दाखल्यावर ही तारीख आहे, खरी कुणाला ठाऊक नाही’ असं सरळ सांगायचं.

आजीबद्दल आणखी एक. फॉर्मच्या कलम १८ मध्ये नातेवाईक लिहितात, पण त्या यादीत आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे अशीच नाती आहेत. आजी, काका, मावशी त्यात नाहीत. म्हणून पुष्कळ मुलं आजीला वगळतात. प्रत्यक्षात आजीशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असेल तर ती कलम १९ मध्ये येते, कारण तिथं गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संबंध आहे अशी परदेशी नागरिक असलेली माणसं विचारली आहेत. वर्षातून एकदा दिवाळीला फोन करणारे लांबचे काका आणि जिच्या मांडीवर मूल वाढलं ती आजी यांत हा फरक आहे.

आणि जमीन. ती तुमच्या नावावर असेल तर मुलीला ती स्वतःची म्हणून लिहायची नसते. पण आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव चढलंय का, हे तुम्ही एकदा बघाच. लहानपणी तिच्या नावानं तिकडच्या बँकेत खातं उघडलंय का, तेही बघा. कलम २० मध्ये तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी सांभाळलेली परदेशी मालमत्ता वेगळी विचारली आहे, आणि मुलांना अशी खाती असल्याचा पत्ताही नसतो. रक्कम किती हा प्रश्न इथं दुय्यम आहे. आईवडिलांनी सांगितलंच नाही म्हणून मुलीनं ‘नाही’ लिहिलं आणि ती गोष्ट नंतर दुसरीकडून निघाली, असं व्हायला नको.

ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड, असेल तर तेही सांगायचं. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळं ओसीआय हे नागरिकत्व नाही, पण परदेशी सरकारनं दिलेली सवलत आहे आणि ती लपवण्यासारखं काही नाही. जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा कागद सापडत असेल तर काढून ठेवा.

फॉर्ममध्ये काही राहून गेलंय असं लक्षात आलं तर काय करायचं? कुणी विचारण्याआधी सांगायचं. मुलीनं स्वतः सिक्युरिटी मॅनेजरकडं जाऊन, लेखी. आपणहून आणि लवकर केलेली दुरुस्ती जमेची बाजू धरावी असं त्या १३ निकषांमध्येच लिहिलेलं आहे. पकडल्यावर केलेली दुरुस्ती कुणी तशी धरत नाही. जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर हा तर संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. क्लिअरन्स नाकारले गेलेले मी पाहिले ते मूळ गोष्टीपेक्षा ती झाकण्यावरून जास्त.

भारताशी काडीचा संबंध नसलेलं एक कारण तर फार नेहमीचं आहे. विशीतल्या मुलीनं ओळखीची माणसं म्हणून हायस्कूलच्या मैत्रिणींची नावं दिलेली असतात. त्या आता कुठल्या कुठं शिकायला गेल्या, नंबर बदलले, आणि अनोळखी नंबर दिसला की ही पिढी फोन उचलतच नाही. तपासनीस निरोप ठेवून थकतो. तिनं सुट्टीत काम केलेलं दुकान बंद पडलेलं असतं. इथं तुम्ही घरबसल्या मदत करू शकता. त्या मैत्रिणींना सांगा की असा फोन येईल, तर उचला आणि बोला. जुन्या नोकरीचे पगाराचे आणि कराचे कागद शोधून मुलीकडं पाठवा. तपासनीस तुमच्या दारात आला तर त्याचं ओळखपत्र बघायला मागा, त्यात त्याला राग येत नाही. विचारेल तेवढ्याची खरी उत्तरं द्या. मुलीची उत्तरं तुम्ही तयार करून देऊ नका, घोकून घेऊ नका. एकाच वाक्यात बोलणारी दोन माणसं अनुभवी तपासनीस लगेच ओळखतो.

चौकशी कुणाकडं करायची? डीसीएसएला तुम्ही फोन केलात तर काहीही सांगणार नाहीत, आणि मुलीनं केला तरी तुमच्या सिक्युरिटी मॅनेजरला विचारा असंच म्हणतील. डीआयएसएस नावाच्या प्रणालीत फाइलची अवस्था बघण्याचा अधिकार त्या मॅनेजरला आहे. लष्करात ही जागा बहुधा एस-टू, म्हणजे युनिटच्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा विभागात असते. मुलीनं आपल्या सार्जंटला सांगून वेळ घ्यावी आणि ‘माझा क्लिअरन्स कधी येणार’ असं विचारू नये. याचं उत्तर कुणाकडंच नसतं. तिनं विचारायचे प्रश्न असे: तपास उघडल्याची तारीख काय? तपास चालू आहे की बंद होऊन फाइल निर्णयाकडं गेली? माझ्याकडून मागवलेली आणि माझ्यापर्यंत न पोचलेली काही माहिती आहे का? माझा पत्ता, फोन आणि ईमेल तुमच्या नोंदीत आजचा आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण भरतीच्या वेळी दिलेला ईमेल प्रशिक्षणात कुणी उघडलेलाच नसतो आणि तपासनीसाचं पत्र त्यात पडून असतं, हे मी वारंवार पाहिलंय. दर आठवड्याला जाऊन मागं लागू नये. महिन्यातून एकदा, वहीत तारीख आणि उत्तर टिपून, पुरे. प्रशिक्षण तळावरच्या त्या एका माणसाच्या टेबलावर किती होल्डओव्हर असतात याची कल्पना बाहेर येत नाही. नीट विचारणाऱ्याची फाइल तो आठवणीनं उघडतो.

सिनेटरना किंवा प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना लिहिणं हा तिचा अधिकार आहे, आणि तसं केल्याबद्दल वरिष्ठांनी तिला त्रास देणं कायद्यानं मना आहे. पण दोन गोष्टी. एक, खाजगीपणाच्या कायद्याप्रमाणं संमतीपत्रावर सही तिची लागते. ती सज्ञान आहे, तुमच्या पत्रावर कार्यालय तिची माहिती तुम्हाला देणार नाही. दुसरं, अशा चौकशीचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं येतं, ‘प्रकरण प्रक्रियेत आहे’. जिथं फाइल खरंच हरवलेली असते, तपास उघडायचाच राहिलेला असतो, तिथं मात्र या एका पत्रानं हालचाल होते. म्हणून आधी वरचे प्रश्न विचारून घ्या. उत्तरं मिळत नसतील, किंवा महिन्यामागून महिने तपास उघडल्याची तारीखच कुणी सांगत नसेल, तर खुशाल लिहा. आज, केवळ पाच महिने झाले म्हणून, मी लिहिणार नाही.

ट्रेड बदलण्याचा विचार सध्या नको. होल्डओव्हरमध्ये वैतागलेल्या मुलांपुढं कुणी ना कुणी हा पर्याय ठेवतं, आणि बाहेर पडायला मिळतंय म्हणून मुलं सही करतात. नवा ट्रेड मग लष्कराच्या गरजेप्रमाणं मिळतो, मुलीच्या आवडीप्रमाणं नव्हे. शिवाय नव्या कामाला टॉप सिक्रेट लागत नसेल तर चालू तपासाची गरजच उरत नाही आणि तो थांबवला जाऊ शकतो. इतके महिने थांबलेलं वाया. तिच्या भरतीच्या कराराला जोडलेलं परिशिष्ट असतं, क्लिअरन्स मिळाला नाही तर पुढं काय याची अट त्यात असते. ते काढून तिनं नीट वाचावं. सही मागितली तर तळावरच्या कायदेविषयक साहाय्य कार्यालयात दाखवावं, तिथले वकील सैनिकांना मोफत सल्ला देतात.

पैशांची चिंता करू नका. होल्डओव्हरमध्ये पूर्ण मूळ वेतन चालू असतं, हा काळ करारातल्या सेवेत धरतात, महिन्याला अडीच दिवस रजा साठते आणि सुरुवातीच्या बढत्या सेवाकाळावर मिळत राहतात. नोकरीच्या दृष्टीनं ती मागं पडत नाहीये. मागं पडल्यासारखं वाटतं ते मैत्रिणींचे नव्या तळांवरचे फोटो पाहून, आणि ते वाटणं खरं आहे, त्याला हलकं लेखू नका.

या रिकाम्या वेळातच मुलं आपली फाइल बिघडवतात, म्हणून इथं थोडं कडक बोलतो. अ‍ॅरिझोनात २०२० च्या मतदानानंतर सज्ञानांसाठी गांजा कायदेशीर झाला. सैनिकांसाठी नाही. लष्करी कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि गांजाच्याच जातीच्या हेम्प या झाडापासून बनवलेल्या तेलगोळ्यांनाही संरक्षण खात्याची बंदी आहे. तळाच्या फाटकाबाहेर पहिल्या पगारावर मोठी गाडी विकणारी दुकानं असतात. आर्थिक व्यवहार हाही १३ निकषांपैकी एक आहे, आणि तपास चालू असताना थकलेले हप्ते क्रेडिट रिपोर्टमध्ये ताबडतोब दिसतात. चुलतबहिणीच्या लग्नाला भारतात जायचं असेल तर रजेच्या अर्जाबरोबर सिक्युरिटी मॅनेजरलाही आधी कळवायचं. नवा परदेशी मित्र, लग्न, पोलिसांशी कसलाही संबंध, हे सगळं कळवायचं. आणि तुम्ही घरच्या मंडळींनी तिच्या कोर्सबद्दल, पुढच्या कामाबद्दल फेसबुकवर काही लिहायचं नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘ती आजकाल फोनवर फार कमी बोलते’. त्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. लष्करी मुलांमध्ये एक पक्का गैरसमज आहे की समुपदेशकाकडं गेलं की क्लिअरन्स जातो. एसएफ ८६ च्या कलम २१ मध्येच लिहिलंय की मानसिक उपचार घेणं एवढ्यावरून कुणाचा क्लिअरन्स नाकारला जात नाही. तिथं विचारतात ते न्यायालयानं दिलेले आदेश, रुग्णालयात दाखल होणं, काही गंभीर निदानं आणि निर्णयशक्तीवर परिणाम करणारा आजार. वाट बघून खचलेली मुलगी तळावरच्या समुपदेशकाशी किंवा चॅप्लिनशी, म्हणजे लष्करी धर्मगुरूशी, बोलली, तर तिनं स्वतःची काळजी घेतली असंच अ‍ॅडज्युडिकेटर म्हणेल. हे तिला तुम्ही सांगा, दोघांनी मिळून सांगा. वडिलांच्या तोंडून ऐकलं की मुलांना जायचा धीर येतो. फोनवर दर वेळी ‘काही कळलं का’ हा प्रश्न नको. त्याऐवजी तळावरच्या शिक्षण केंद्रात जायला सुचवा. क्लेपच्या परीक्षा सैनिकांना पहिल्या प्रयत्नाला मोफत देता येतात आणि त्यातून कॉलेजची क्रेडिट्स जमा होतात. होल्डओव्हरमध्ये असताना या परीक्षा देणारी मुलं कमी आहेत, आणि ही क्रेडिट्स पुढं फार उपयोगी पडतात.

समजा, उद्या खरंच आक्षेप निघाला, तर तो गुपचूप निघत नाही. ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ नावाचं पत्र येतं, त्यात कुठल्या निकषाखाली काय खटकलं ते मुद्देसूद लिहिलेलं असतं आणि उत्तराला मुदत असते. त्यावर लेखी उत्तर देता येतं, नकार आलाच तर अपील करता येतं, प्रशासकीय न्यायाधीशासमोर स्वतः उभं राहून बाजूही मांडता येते. असं पत्र आलं तर मात्र त्याच दिवशी कायदेविषयक कार्यालय गाठायचं. असं पत्र आलेलं नसेल, तर तिच्या बाबतीत नकाराचा निर्णय झालेला नाही.

मंजुरी येते तेव्हा मात्र सगळं एकदम होतं. डीआयएसएसमध्ये निकाल दिसतो, गुप्ततेच्या करारांवर सह्या होतात आणि बदलीचे आदेश पाठोपाठ येतात. तोवर तिचा पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, लसीकरणाच्या नोंदी, बँकेची कामं हे सगळं चालू स्थितीत ठेवायला सांगा. घरी राहिलेल्या गाडीची किंवा सामानाची व्यवस्था तुमच्याकडं असेल तर मुखत्यारपत्र आताच करून घ्या, त्याच कायदेविषयक कार्यालयात ते फुकट करून देतात. आणि या आठवड्यात तुम्ही स्वतः एवढं करा: गावाकडं फोन लावून सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारा, आणि मुलीच्या आईची दोन्ही नावं कुठल्या कुठल्या कागदांवर आहेत त्याची यादी करून मुलीला पाठवा.